पातळ थरावरील वर्णलेखन आणि भुईमुगातील बुरशीविषाची परीक्षा

भुईमुगाचा दाणा वरून टपोरा व स्वच्छ दिसत असला, तरी तो निर्दोष असतोच असे नाही. शेंगा भरण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली, काढणीनंतर शेंगा ओलसर राहिल्या किंवा पोती दमट जागी रचली गेली, म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर हिरवी बुरशी दाण्यात शिरते व आपल्याबरोबर अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. या विषाला रंग नाही, वास नाही व चवही नाही. बुरशी पुसून टाकली किंवा उन्हात वाळवून मारली, तरी तयार झालेले विष दाण्यात तसेच राहते. नेहमीच्या भाजण्याने ते कमी होते. परंतु पूर्णपणे नष्ट होत नाही. यकृताचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना निःसंशयपणे होते.

भारतात भुईमुगाचे जे दाणे पुढील प्रक्रियेसाठी जावयाचे असतात, त्यांत या विषाची कमाल मर्यादा दर किलोग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आहे. थेट खावयाच्या दाण्यांसाठी ती १० मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघाची मर्यादा याहून कडक असून थेट खाण्याच्या दाण्यांत एकूण विष ४ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. १५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याची कल्पना येण्यासाठी असे समजावे की, एका क्विंटल दाण्यांत सर्व मिळून दीड मिलिग्रॅम विष असले की मर्यादा गाठली जाते. एवढीशी वस्तू हजारो निरुपद्रवी पदार्थांच्या गर्दीतून वेगळी काढून डोळ्यांना दिसेल अशी कशी करावयाची, हा प्रश्न ज्या साधनाने प्रथम व्यवहार्य रीतीने सोडविला, ते साधन म्हणजे काचेवर पसरलेला पांढऱ्या भुकटीचा पाव मिलिमीटर जाडीचा थर होय. त्या पद्धतीस पातळ थरावरील वर्णलेखन असे म्हणतात.

पद्धतीचे मर्म

टिपकागदावर शाईचा ठिपका देऊन कागदाची कड पाण्यात बुडविली, तर पाणी वर चढताना शाई पसरते आणि पुष्कळदा तिच्यातील निरनिराळे रंग वेगळे होऊन मागेपुढे राहतात. हा खेळ बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो. वर्णलेखनात याहून निराळे काही घडत नाही. एक वस्तू जागेवर स्थिर असते, तिला स्थिर प्रावस्था म्हणतात. दुसरी तिच्यामधून वाहत जाते, ती चल प्रावस्था होय. मिश्रणातील प्रत्येक पदार्थापुढे दोन ओढी असतात. स्थिर प्रावस्था त्याला धरून ठेवू पाहते आणि वाहणारा विद्रावक त्याला पुढे नेऊ पाहतो. ज्याची भुकटीशी जवळीक अधिक, तो मागे राहतो. ज्याला विद्रावक अधिक मानवतो, तो पुढे जातो.

थर दिलेल्या काचेच्या तळापासून सुमारे दोन सेंटिमीटरवर नमुन्याच्या अर्काचा बारीक ठिपका देतात. ती पट्टी झाकणाच्या काचपात्रात, तळाशी थोडा विद्रावक ठेवून, उभी करतात. ठिपका मात्र विद्रावकात बुडता कामा नये. भुकटीच्या कणांमधील सूक्ष्म वाटांनी विद्रावक केशाकर्षणाने वर चढतो. वात तेल ओढते ती हीच क्रिया होय. ठिपका आरंभरेषेपासून किती अंतर गेला, त्यास विद्रावक किती अंतर गेला या संख्येने भागिले असता जे मूल्य मिळते, त्यास आरएफ मूल्य म्हणतात. विद्रावक दहा सेंटिमीटर व ठिपका पाच सेंटिमीटर चढला, तर मूल्य ०.५ झाले. हे मूल्य केवळ पदार्थाचा गुण नव्हे. तो पदार्थ, तो विद्रावक आणि तो थर या तिघांचे मिळून ते असते. यास्तव थराविषयी अज्ञान असलेल्याने आरएफ मूल्याचे आकडे पाठ केले, तरी त्यांचा त्याला उपयोग नाही.

थराचा इतिहास

या पद्धतीची वाढ वनस्पती व शेतमाल यांच्याच अभ्यासातून झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून वेगळी केली व १९०६ साली या पद्धतीला वर्णलेखन या अर्थाचे नाव दिले. १९३८ साली खारकोव्ह येथील इझमाइलोव्ह व श्रायबर यांनी नळी बाजूस ठेवून सपाट काचेवर ॲल्युमिनाची भुकटी पसरली आणि औषधी वनस्पतींच्या अर्काचे थेंब त्यावर सोडून परीक्षा केली. त्यांचा थर मात्र सुटा होता. फुंकर लागली तरी भुकटी उडावी आणि काच उभी करताच ती घसरावी, अशी त्याची स्थिती होती.

१९४९ मध्ये माइनहार्ड व हॉल यांनी भुकटीत पिष्ट मिसळून थर काचेला चिकटविला. त्यानंतर १९५१ मध्ये किर्चनर व त्याचे सहकारी यांनी, अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत, लिंबूवर्गीय फळांतील सुगंधी तेलांच्या परीक्षेसाठी सिलिका जेलचे थर दिलेल्या काचपट्ट्या तयार केल्या. तरीही ही रीत सार्वत्रिक झाली नाही. कारण प्रत्येकाचा थर निराळा आणि त्यामुळे प्रत्येकाचे निष्कर्षही निराळे. जर्मनीतील एगोन श्टाल या औषधिवनस्पतींच्या अभ्यासकाने १९५६ ते १९५८ या काळात भुकटीच्या कणांचा आकार, बंधकाचे प्रमाण, थराची जाडी व तो पसरावयाचे उपकरण ही सर्व ठरवून दिली. एका प्रयोगशाळेची पट्टी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या पट्टीसारखी होऊ लागली, तेव्हाच ही पद्धत जगभर पसरली. नव्या कल्पनेइतकेच महत्त्व मापे ठरवून देण्यालाही असते. पण श्रेय देताना लोकांना त्याचा सहसा विसर पडतो.

सिलिका जेल

थरांसाठी वापरल्या जाणाऱ्या भुकट्यांत सिलिका जेलचा वापर सर्वांत अधिक आहे. औषधांच्या किंवा यंत्रांच्या खोक्यात ओल शोषण्यासाठी खड्यांची जी लहान पुडी ठेवलेली असते, ती बहुधा याच पदार्थाची असते. रासायनिक दृष्ट्या तो वाळूचाच भाऊबंद, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांचा बनलेला आहे. परंतु वाळूचा कण भरीव, तर याचा कण आतून असंख्य सूक्ष्म छिद्रांनी पोखरलेला असतो. त्यामुळे एक ग्रॅम भुकटीचे आतले व बाहेरचे मिळून पृष्ठफळ कित्येक शे चौरस मीटर भरते. या पृष्ठभागावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या जागोजाग उघड्या असतात. अर्कातील पदार्थ या जोड्यांना चिकटतात. या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात. स्पंज पाणी पोटात घेतो तसा हा प्रकार नसून, पदार्थ पृष्ठभागाला धरून राहतो व विद्रावकाचा रेटा आला की सुटतो. पुढे गेल्यावर तो पुन्हा धरला जातो व पुन्हा सुटतो. तेलासारखे पदार्थ या जोड्यांना फारसे धरीत नाहीत, म्हणून ते विद्रावकाच्या शेंड्याजवळ जाऊन पोहोचतात. शर्करेसारखे पदार्थ घट्ट धरून राहतात व तळाशीच थांबतात. अफ्लाटॉक्सिन यांच्या मध्ये येते आणि म्हणूनच ते सिलिकेवर चांगले वेगळे करता येते.

सिलिका नुसतीच काचेवर राहत नाही, यासाठी तिच्यात बंधक घालावा लागतो. श्टालने निवडलेला बंधक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे जिप्सम. भुईमुगाच्या शेंगा पोसाव्यात म्हणून जे जिप्सम आऱ्या सुटण्याच्या वेळी जमिनीत घालतात, तेच भाजून त्यातील बरेचसे पाणी काढले की त्याची प्लास्टरची भुकटी होते व पाणी मिळताच ती घट्ट धरते. सिलिका जेलमध्ये ती सुमारे १३ टक्के मिसळलेली असते. ३० ग्रॅम भुकटीत ६० मिलिलिटर पाणी घालून ती जोराने हलवितात व चारपाच मिनिटांच्या आत पसरण्याच्या उपकरणाने २० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या पाच काचांवर ओढतात. अधिक वेळ गेला तर मिश्रण भांड्यातच आळते. गवंड्याला हे सांगावयास नको.

पिष्टाचा बंधक जिप्समपेक्षा चिवट असतो खरा, परंतु त्यावर तीव्र आम्ल फवारले की थरच काळा पडतो. जिप्समचा थर आम्ल सहन करतो. या गुणाचा उपयोग पुढे दिसून येईल.

ओल ही या थराची खरी वैरीण होय. सिलिकेचा पृष्ठभाग हवेतील पाणी झपाट्याने ओढून घेतो. त्या पाण्याने जागा अडविल्या की अर्कातील पदार्थांना धरावयास जागा उरत नाही आणि ठिपके नेहमीपेक्षा वर जातात. एकच पट्टी वैशाखात विदर्भात वापरली आणि श्रावणात कोकणात वापरली, तर आरएफ मूल्य सारखे येणार नाही. यावर उपाय म्हणून वापरण्यापूर्वी पट्टी १०५ ते ११० अंश सेंटिग्रेडवर अर्धा ते एक तास तापवितात व ओल शोषून घेणाऱ्या पदार्थासह बंद पात्रात थंड करतात. या क्रियेस थर सक्रिय करणे म्हणतात. तथापि सक्रिय केलेली पट्टी दमट हवेत काही मिनिटे उघडी राहिली तरी बराच लाभ नाहीसा होतो. याकरिता प्रत्येक पट्टीवर नमुन्याच्या शेजारी शुद्ध अफ्लाटॉक्सिनच्या प्रमाणित विद्रावाचा ठिपका असलाच पाहिजे. दोघांवर एकाच हवेचा व एकाच थराचा परिणाम होतो, म्हणून तुलना खरी ठरते. केवळ पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहणाऱ्याच्या निष्कर्षावर विसंबू नये.

इतर थर

ॲल्युमिनाचा थर सिलिकेहून निराळ्या स्वभावाचा असतो. तो अल्कधर्मी, उदासीन व आम्लधर्मी अशा तीन प्रकारांत मिळतो. तंबाखूतील निकोटीनसारख्या अल्कलॉइडांसाठी तो उपयोगी पडतो. परंतु अल्कधर्मी थरावर काही नाजूक पदार्थ मोडतात. सिलिकेलाही दोष आहेच. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असल्याने पानांतील हरितद्रव्य तिच्यावर फार वेळ राहिले तर त्यातील मॅग्नेशियम निघून जाते व हिरवा रंग राखी करडा होतो. पाहणाऱ्यास वाटावे की पानात आणखी एक रंगद्रव्य सापडले. वस्तुतः ते थरानेच निर्माण केलेले असते. म्हणून अशा कामाला सेल्युलोजचा सौम्य थर पुष्कळदा बरा पडतो.

सेल्युलोज म्हणजे कापसाचाच मूळ पदार्थ. त्याचे तंतू पाणी धरून ठेवतात आणि प्रत्यक्षात ते धरलेले पाणीच स्थिर प्रावस्थेचे काम करते. पदार्थ पाणी व विद्रावक या दोघांत वाटला जातो. ॲमिनो आम्ले व शर्करा यांच्या परीक्षेसाठी हा थर सोयीचा आहे. कीझेलगूर ही डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची माती होय. तिची पकड फार सौम्य असल्याने तीही बहुधा अशाच आधाराचे काम करते. पॉलिअमाइडचा थर वनस्पतींतील फिनॉलवर्गीय पदार्थांना चांगला धरतो.

एक प्रकार मात्र सर्वांच्या उलट वागतो. सिलिकेच्या कणांवर अठरा कार्बन अणूंच्या लांब साखळ्या रासायनिक बंधाने बसविल्या म्हणजे तिचा पृष्ठभाग तेलकट होतो. मग विद्रावक म्हणून पाणीमिश्रित मिथेनॉल वापरतात आणि तेलकट पदार्थ मागे राहून पाण्यात विरघळणारे पुढे जातात. यास उलट प्रावस्था म्हणतात.

आज तयार पट्ट्या काचेवर, प्लॅस्टिकवर किंवा कात्रीने कापता येईल अशा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मिळतात. त्यांतील काहींच्या थरात २५४ नॅनोमीटरच्या जंबुपार प्रकाशात हिरवा चमकणारा पदार्थ मिसळलेला असतो. तो प्रकाश शोषणारा पदार्थ जेथे असेल तेथे काळा डाग दिसतो. अधिक बारीक, म्हणजे पाचसहा मायक्रोमीटरच्या कणांचे थरही निघाले आहेत. त्यांवर ठिपके आटोपशीर राहतात व थोडे अंतर चालले तरी वेगळे होतात.

पट्टीवर विष दिसते कसे

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी अल्पावधीत मेले. चौकशीअंती दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे गेला आणि पेंडीतील बुरशीच्या नावावरून विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. पातळ थरावर या विषाचे चार ठिपके वेगळे झाले. जंबुपार दिव्याखाली दोन निळे व दोन हिरवे चमकले. इंग्रजीतील निळा व हिरवा या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी व जी, आणि थरावरील वरखाली क्रमावरून १ व २ असे अंक देण्यात आले. म्हणजे आज प्रयोगशाळेच्या अहवालात बी१, बी२, जी१, जी२ असे जे लिहून येते, ती नावे मूलतः या थराने दिलेली आहेत. त्यांपैकी बी१ सर्वांत घातक आहे.

परीक्षेसाठी दाणे दळून विद्रावकात ढवळतात, तेल वेगळे करून अर्क आटवितात व सिलिकेच्या पट्टीवर ठिपके देतात. क्लोरोफॉर्मचे नऊ भाग व ॲसिटोनचा एक भाग हे मिश्रण पट्टीवर चढविण्याची रीत पुष्कळ वर्षे रूढ आहे. क्लोरोफॉर्म टिकावा म्हणून त्यात थोडे अल्कोहोल घातलेले असते आणि तेवढ्यानेही ठिपक्यांची चाल बदलते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ३६५ नॅनोमीटरच्या जंबुपार दिव्याखाली अंधारात पाहिले असता वरपासून खाली बी१, बी२, जी१ व जी२ या क्रमाने ठिपके चमकतात. एका नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या, आसपास विष असले तरी ते डोळ्यांस दिसते. प्रमाणित विद्रावाचे कमीअधिक मात्रेचे ठिपके शेजारी असतात. नमुन्याची चमक कोणाशी जुळते यावरून प्रमाण ठरते.

निळे चमकणारे सर्वच अफ्लाटॉक्सिन नसते. दाण्यातील इतर द्रव्येही चमकतात व नेमकी त्याच उंचीवर थांबू शकतात. म्हणून पट्टीवर सौम्य केलेले गंधकाम्ल फवारतात. अफ्लाटॉक्सिनची चमक पिवळी होते. चमक पिवळी झाली नाही, तर ते अफ्लाटॉक्सिन नव्हे. पिवळी झाली, तरी पक्का निर्णय देण्यास आणखी एक परीक्षा करावी लागते. कारण इतर काही पदार्थही पिवळे होऊ शकतात. जिप्समच्या थराचा लाभ येथे प्रत्ययास येतो. पशुखाद्यासारख्या मिश्र मालाचा अर्क फार गढूळ असल्यास पट्टी एकदा चढवून, वाळवून, काटकोनात फिरवून दुसऱ्या विद्रावकात पुन्हा चढवितात. पहिल्या दिशेत एकमेकांवर आलेले ठिपके दुसऱ्या दिशेत सुटे होतात.

क्लोरोफॉर्म व शुद्ध अफ्लाटॉक्सिन दोन्ही घातक असल्याने हे काम हातमोजे व वायुवीजन यांची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच व्हावे. मोठ्या प्रयोगशाळांत आता उच्च दाबाचे द्रवरूप वर्णलेखन व प्रतिपिंडांवर आधारलेल्या परीक्षा अधिक चालतात. तथापि एका पट्टीवर अनेक नमुने एकदम व थोड्या खर्चात पाहता येतात, म्हणून थराची पद्धत अद्याप मागे पडलेली नाही.

नमुना व अहवाल

थर कितीही उत्तम असला, तरी नमुना चुकीचा असेल तर निष्कर्ष चुकतो. बुरशी पोत्यात सारखी पसरलेली नसते. एखाद्याच दाण्यात दर किलोला दहा लाख मायक्रोग्रॅमच्या घरात विष आढळल्याच्या नोंदी आहेत. अर्धा ग्रॅम वजनाच्या अशा एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष झाले, म्हणजे तो एकटा दाणा सुमारे ३३ किलो माल मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. मूठभर दाणे एकाच पोत्यातून दिले तर तो दाणा मुठीत येण्याचा संभव फार थोडा. म्हणून प्रत्येक थप्पीतील पुष्कळ पोत्यांतून, वरून, मधून व खालून, पोकळ लोखंडी सळईने थोडे थोडे दाणे काढावेत. ते सर्व एकत्र करून मोठा नमुना करावा व तो संपूर्ण दळून मगच त्याचे भाग पाडावेत. न दळता भाग पाडले, तर तो दोषी दाणा एका भागात जातो व दुसरा भाग निर्दोष ठरतो. नमुना कोरड्या कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर दाणे बांधले तर वाटेतच बुरशी वाढते.

काळे, सुरकुतलेले, फुटके व किडीने पोखरलेले दाणे निवडून काढल्यास विषाचा बराच मोठा भाग निघून जातो. परंतु हे निवडलेले दाणे घाण्याकडे पाठविण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, ती टाकून द्यावी. गाळताना विष मुख्यत्वे पेंडीत उरते व पेंड जनावरापुढे जाते. गाईम्हशींच्या यकृतात बी१ चे रूपांतर एम१ मध्ये होऊन ते दुधात उतरते. दुधातील एम१ ची भारतातील मर्यादा दर किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दोषी पेंड बंद केल्यावर काही दिवसांत दूध सुधारते. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. तेव्हा हा धोका एकट्या भुईमुगापुरता नाही.

अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहून आल्यास त्याचा अर्थ विष शून्य आहे असा होत नाही. त्या पद्धतीला जेवढे कमीत कमी दिसू शकते, त्याहून ते कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. ती किमान मात्रा किती, हे चांगल्या अहवालात दिलेले असते. दिले नसेल तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ते प्रयोगशाळेस विचारून घ्यावे व माल कोठे विकावयाचा हे त्यावरून शेतकऱ्यास सांगावे. परीक्षा झालेली थप्पी निराळी ठेवावी, फळ्यांवर रचावी आणि शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. कारण अहवाल नमुना काढला त्या दिवसापुरता असतो व पोत्यात ओल शिरली की बुरशी पुन्हा आपले काम सुरू करते.